उरलेल्या आठ गोळ्या

माझा धाकटा भाऊ शिंपी. गल्लीत त्याला सगळे मास्तर म्हणतात, मी म्हणते हट्टी गाढव. तीस वर्षं त्याच्या मशीनशेजारी बसून काज-बटणं करतेय, त्याचा एकेक गुण मला पाठ आहे. वीतभर कापड उरलं तरी टाकणार नाही. चिंध्यांच्या पिशव्यांनी दुकानात पाय ठेवायला जागा नाही.

तर त्याच्या उजव्या अंगठ्यात सुई घुसली. शिंप्याला सुई टोचली, ही काय बातमी झाली? पण चौथ्या दिवशी अंगठा टम्म फुगला, ठणका लागला, कात्री धरवेना. डॉक्टरीणबाईंनी चीर देऊन पू काढला, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, आणि बजावलं, "बरं वाटलं तरी सगळ्या संपवा."

तीन दिवसांत सूज उतरली. झालं. मास्तरांनी उरलेल्या आठ गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या.

"कशाला वाया घालवायच्या, ताई? कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

कुणाच्या पडल्या ते ऐका. दोन दिवसांनी माझ्या मानेवर गळू आलं. दवाखान्याच्या रांगेत कोण बसणार? मीच म्हटलं, "दे रे त्या गोळ्या." त्याने दिल्या, वर पाण्याचा पेलाही आणून दिला. आठच्या आठ खाल्ल्या मी. मोठी शहाणी.

आठवड्याने त्याचा अंगठा परत ठणकायला लागला. या खेपेला पठ्ठ्याने अवाक्षर काढलं नाही. शाळेचे गणवेश द्यायचे होते, अंगठ्याला फडकं गुंडाळून कापत बसला. मला कळलं तेव्हा अंगठ्यापासून लाल रेघ मनगटाच्या वर चढली होती आणि अंग तापाने फणफणत होतं.

"मागच्या गोळ्या संपवल्या होत्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"संपवल्या की," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मी, जिच्या तोंडाला एरवी खळ नसतो, ती गप्प बसले.

त्याला आत नेलं. बाहेर बाकावर मला बसवेना. उठले, नळापर्यंत गेले, परत आले, पुन्हा उठले. समोरची बाई वैतागून म्हणाली, "अहो, एका जागी टेका तरी." कशी टेकू? माझ्या भावाचा अंगठा कुजत होता आणि त्याचं औषध माझ्या पोटात गेलं होतं. शेवटी दार ढकलून आत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "औषध अर्धवट सोडलं की तगलेले जंतू पुन्हा वाढतात," एवढंच म्हणाल्या. पू तपासायला पाठवला, शिरेतून दुसरं औषध सुरू केलं.

"अंगठा राहील ना?"

"राहील. त्यात स्पर्शाची जाण किती राहते ते मात्र बघावं लागेल."

शिवण कुठे ओढली गेली, कापड कुठे जाडं, ते शिंप्याला अंगठ्याच्या टोकानेच तर कळतं.

शिरेतलं औषध झाल्यावर घरी घ्यायला गोळ्या दिल्या, त्या त्याने शेवटच्या गोळीपर्यंत घेतल्या. मी समोर उभी राहून गिळायला लावल्या. महिन्याभराने दाखवायला गेलो. जखम सुकली होती, अंगठ्याचं टोक आत खचलेलं.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "सुईचं टोक लागलं की सांगा."

त्याने डोळे मिटले. माझं नाक ओढणं त्याने ऐकलं असावं.

"लागलं," तो म्हणाला. "चांगलं लागलं, ताई."

बाई अजून कापसाने सुई पुसत होत्या.