साडेआठची बस

काल यांना नेण्याआधी मी इडली खाल्ली.

चार. चटणीसकट.

शेजारच्या तेलुगू बाईंनी पोरांसाठी डबा आणला होता. तो उघडून मी खायला बसले. नणंद बघतच राहिली.

"वहिनी, अजून अंगणातच आहे ना दादा!"

मला दिसत होतं.

रडू अजून आलेलं नाही. येईल म्हणतात सगळे. आलं की कळवीन.

मी सांगते आहे, नात फोनवर टाइप करते आहे. तिला मराठी लिहायला वेळ लागतो, म्हणून मीही हळू सांगते आहे. घाई कसलीच नाही आता.

लग्न होऊन आर्वीहून भिलाईत आले तेव्हा पोलादाचा कारखाना अजून बांधून होत होता. सेक्टर सहामधलं क्वार्टर नवं कोरं. झाड एकही नाही. लाल धूळ मात्र पिठाच्या डब्यातसुद्धा.

एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला सरदारजी, समोर मद्रासी. मराठी बोलायचं तर भिंतीशी.

यांची ड्यूटी कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर. नाईट शिफ्ट असली की मी दाराला ट्रंक लावून निजायची.

दीड महिना रडले. शेवटी हेच म्हणाले,

"तुले करमत नसंन तर जाय माहेरी. मी गाडीत बसवून देतो."

"आन परत?"

"ते तुह्या मनावर."

मी परत येणार नव्हते. दोघांनाही माहीत होतं.

त्या दिवशी हे नाईट करून थेट घरी आले, तोंड धुतलं, माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि आम्ही पायीच बसस्टॉपकडे निघालो. साडेआठची बस चुकली तर दुर्ग स्टेशनावरची गाडीही चुकणार होती.

स्टॉपसमोरच अण्णाचं हॉटेल. पत्र्याचं शेड, लाकडी बाकं, आणि अख्ख्या भिलाईत नाव. केळीची पानं मिळायची नाहीत म्हणून इडली पळसाच्या पत्रावळीवर आणि सांबार द्रोणात.

तिथला नियम एकच. नाईट करून आलेल्याला पहिले वाढायचं, मग मागे मोठा साहेब का उभा असेना. अण्णा लांबून डोळे बघूनच माणूस ओळखायचा.

"नाईटवाला, आओ, आओ! बैठो!"

आमच्यापुढे पत्रावळी आल्या. मी जन्मात पहिल्यांदा हॉटेलात बसले होते.

नवऱ्याने खाल्ल्याशिवाय बायकोने घासाला हात लावायचा नाही, एवढं आईने शिकवलं होतं. हॉटेलात काय करायचं ते शिकवलं नव्हतं. म्हणून मी थांबले.

आणि हे झोपले.

बसल्या बसल्या. इडलीचा तुकडा मोडून, बोटं तशीच पत्रावळीवर ठेवून.

मी बसून राहिले. यांचं नाव घेता येत नव्हतं, चारचौघांत अंगाला हात लावता येत नव्हता. पोटात कावळे ओरडत होते ते वेगळंच.

आतून अण्णाची बायको आली. तिला हिंदी येत नव्हती, मला तिची भाषा येत नव्हती. तिने माझ्या गार इडल्या उचलून नेल्या, वाफेच्या आणल्या आणि समोर ठाण मांडून बसली. मी खाईपर्यंत उठली नाही.

ओल्या नारळाची ती चटणी! वाटलं, आईला कळलं तर मारेल. आणि आणखी दोन मागून घेतल्या.

बस आली. थांबली. गेली.

हे जागे झाले तेव्हा ऊन बाकावर आलं होतं.

"बस?"

"गेली."

"गेली? आन तू उठवलं कावून नाई मले?"

"कशी उठवू? नाव घेऊ का तुमचं एवढ्या लोकांत?"

आजूबाजूचे हसले. यांना हसू आलं नाही. माझी रिकामी पत्रावळ बघत होते.

"खाल्लं तू?"

मी मान खाली घातली.

"बरं केलं. माह्यासाठी उपाशी नोको राहत जाऊ कधी."

नणंदेला हे कोण सांगणार?

"उद्या जाऊ," म्हणाले. दुसऱ्या दिवशी निघालो नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. हळूहळू ट्रंकेतली लुगडी खुंटीवर आली.

मग साठ वर्षं गेली. पोरं झाली, हे रिटायर झाले, जवळच रिसालीला घर बांधलं.

येईल त्या पाहुण्याला हे सांगायचे, "माह्या झोपेपायी हिची गाडी हुकली, नाईतर गेली होती बिचारी." पाहुणे हसायचे. यांचा चेहरा मात्र थोडा पडायचा.

भांडण झालं की मीही तेच काढायची. "तुमच्या झोपेनं अडकले मी या भट्टीच्या गावात." की हे उठून बाहेर जाऊन बसायचे. मी जिंकायची.

खरं सांगू? त्या दिवशी बस स्टॉपला लागली तेव्हा अण्णा आमच्याजवळ आला होता. वाकून मला हळूच म्हणाला,

"बस आ गया, अम्मा. साहब को उठाऊँ?"

मी यांच्याकडे बघितलं. पापण्यांत कोळशाची पूड तशीच होती. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस, झोप सोडून मला पोचवायला निघाला होता. एकदाही "नको जाऊ" म्हणाला नव्हता.

मी अण्णाला मानेनेच नाही म्हटलं.

नात टाइप करायची थांबली आहे. "आजी, आबा को पता था?"

नाही.

"कभी बताया क्यों नहीं?"

काय सांगू हिला? आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिले.

अहो, बस चुकली नव्हती. मी सोडली होती.

तुमची काही चूक नव्हती.

निघा आता निवांत.