साय जाते कुठे?

माझा स्वभाव संशयी. सुरतेतल्या मराठी शाळेत तीस वर्षं पेपर तपासले. उत्तर बरोबर दिसलं की मी आधी शेजारच्या पोराचा पेपर काढून बघायचो. त्यामुळे दुधाच्या पिशवीवर 'विटामिन डी युक्त' असं पहिल्यांदा वाचलं तेव्हा बायकोला म्हणालो, "दुधात पाणी घालतात हे ठाऊक होतं. आता हे काय घालायला लागले?"

पण मला डायबिटीस आहे आणि रक्तात डी फार कमी निघालं होतं. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी लिहून दिली. पुडीवर तर माझा त्याहून जास्त संशय. म्हटलं, त्यापेक्षा दूध परवडलं, हृदयालाही बरं. डॉक्टर हसले. म्हणाले, "दूध पियो, काका. लेकिन इससे दिल बचेगा, ये पक्का नहीं है. शुगर की गोली और चलना मत छोड़ना."

हृदयाची भीती घरात आधीपासूनच होती. माझा थोरला भाऊ पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये होता. त्यालाही हाच आजार आणि हाच स्वभाव. छातीत जळजळतंय, ॲसिडिटी असेल, डॉक्टर उगाच घाबरवतात, असं म्हणत म्हणत तो गेला. मी आता त्याच्याच वयाचा झालोय. हे आम्ही दोघं नवरा-बायको कधी बोललो नाही.

बायको मात्र दूध तापवून, गार करून, साय काढायची. पुन्हा तापवायची, पुन्हा काढायची. "तुमच्या हृदयाला चरबी नको," म्हणायची. सायीचं तूप कढवायची, पण ते ना माझ्या भातावर दिसायचं ना तिच्या. मग जातं कुठे? गोडादऱ्याला तिचा भाऊ राहतो. मी मनात हिशेब जुळवून टाकला.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डी होतं तिथेच. मी दवाखान्यातच आवाज चढवला, की ही दूधवाल्यांची शुद्ध लबाडी आहे. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, मलाई काढो छो?"

"काढतो. दोनदा."

"डी चरबी में रहता है ना. मलाई गई, तो वो भी गया. ये दूध वैसे भी पतला है, मलाई मत निकालो."

म्हणजे चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होतो. पण खरा चोर अजून घरातच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालो आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. मेहुण्याचा डबा भरताना तिला पकडायचं होतं.

ती देवापुढे बसली होती. दोन निरांजनं लावलेली, शेजारी तुपाची वाटी. मला बघून दचकली.

"हे रोज?" मी विचारलं.

"भाऊजी गेले तेव्हापासून. तुम्ही फिरायला गेलात की लावते." मग म्हणाली, "तुम्ही हसला असता. म्हणाला असता, देवाला तेल चालतं."

म्हणालोच असतो. मला फार लाज वाटली. माझ्या हृदयासाठी ती दुधातून जे काढून घेत होती, ते माझ्या हृदयासाठीच जाळत होती. आणि मी मात्र मेहुण्याच्या डब्यात शोधत होतो.

डॉक्टरांची मलाईची गोष्ट तिला सांगितली तेव्हा तिचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे माझ्यामुळे..." एवढंच म्हणाली.

"तुझ्यामुळे नाही. पुडी घेतली नाही ती मीच ना?"

सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी कपाटात होती. त्याच दिवशी डॉक्टरांना पुन्हा दाखवून पुडी आणली. तिच्यासमोर दुधात ढवळली आणि वास न घेता प्यालो.

संध्याकाळी दूध तापलं तेव्हा तिने चमचा हातात धरून विचारलं, "मग आता साय काढायची नाही?"

"दिव्यापुरती काढ," मी म्हणालो.