दोन शिखरं

शाहीन आपा प्रयोगशाळेत आल्या की आधी फळ्यावरचा कालचा निष्कर्ष पुसायच्या. आकडे आणि आलेख राहू द्यायच्या. ‘म्हणून’ने सुरू होणारं आमचं शेवटचं वाक्य तेवढं जायचं. “आकडे शिळे नाही होत वो, आपली अक्कल शिळी होते,” असं म्हणून हात झटकायच्या.

अमरावतीच्या कॉलेजात मी संशोधनाला नवीन होते. आपा मूळच्या अकोटच्या, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, आणि पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीवर काम करत होत्या. आमचा विषय द्रवस्फटिक, म्हणजे द्रवासारखे वाहणारे पण आत रांगा धरून बसणारे पदार्थ. आपांनी तयार केलेल्या पदार्थाचे रेणू मधोमध वाकलेले होते. कोणी विचारलं की त्या कोपर वाकवून दाखवायच्या. “हा एक थर, सारे कोपरं डावीकडं. त्याच्यावरचा थर, सारे उजवीकडं. बाहेरून पाहाल तं हिशेब शून्य.”

दोन काचांच्या फटीत हा पदार्थ भरून व्होल्टेज दिलं की सगळे थर एकाच बाजूला वळतात. व्होल्टेज काढल्यावर ते काय करतात, हा आमचा प्रश्न. पुन्हा आलटून-पालटून बसले, तर उलट दिशेला जाताना त्यांना दोन टप्पे लागतात आणि प्रवाहाच्या आलेखावर दोन शिखरं उमटतात. वळलेलेच राहिले, तर शिखर एकच. असा पदार्थ दुर्मीळ.

आम्हाला एकच दिसलं. आमच्या मार्गदर्शक सरांनी खुशीत शोधनिबंध एका नियतकालिकाला पाठवून दिला. आपांच्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ त्या निबंधावर ठरणार होती.

ती वर्षं वाईट होती. वर्‍हाडातल्या कुठल्या ना कुठल्या गावात शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी रोज पेपरात असायची आणि ती वाचवत नसे. आपांचे मामा एकदा प्रयोगशाळेत येऊन थेट म्हणाले, “लोक मरून राहिले, अन् तू काचेत काय पाहून राहिली?”

“मामू, मी पाहणं सोडलं तं कोणी वाचणार हाय का? नाही ना? मंग पाहू द्या.” मामांना चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं.

भारनियमन रोजचंच होतं. वीज जायच्या आत उरकायचं म्हणून आम्ही व्होल्टेज भराभर उलटसुलट करायचो. वर्षभरात ती पद्धतच झाली. तिच्यात काही चुकत असेल, असं मला वाटलं नाही. आपांना वाटलं.

“रेणूंले परत जागेवर जायले टाइमच नाही देऊन राहिलो आपण,” त्या म्हणाल्या. “हळू फिरवू. शून्यावर थांबू. मंग किती दिसते ते पाहू.”

त्याला सकाळपासून अखंड वीज हवी होती. लक्ष्मीपूजनाला भारनियमन नसतं, हे आपांनी वीज कार्यालयात जाऊन विचारून ठेवलं होतं.

मी म्हटलं, “आपा, आधी मुदतवाढीचं पत्र येऊ द्या. मग बघू.”

“अन् त्या वाढीव दोन वर्षांत काय करू? तेच चुकलेलं आणखी मोजू? सातले ये.”

घरी आई चकल्या तळत होती. दिवाळीच्या दिवशी कॉलेजात काय काम, यावर तिचं बोलणं संपायच्या आत मी डबा घेऊन निघाले. आपा अर्ध्या-अर्ध्या अंशाने पदार्थ थंड करत होत्या, थांबत होत्या, मोजत होत्या. दुपारी दोनच्या सुमारास त्यांनी पडद्यावर पट्टी धरली आणि मला जवळ बोलावलं. शिखराला मधोमध खाच पडली होती. पुढच्या तासाभरात दोन शिखरं स्पष्ट वेगळी झाली.

म्हणजे आपांचा पदार्थ चारचौघांसारखाच होता आणि पाठवलेला निबंध चुकीचा.

“डब्यात चकल्या हाय ना? काढ,” आपा म्हणाल्या. “पहिले हात धू. रसायन पोटात गेलं तं तिसरं शिखर निघन.”

सुटीनंतर त्या आलेख घेऊन सरांकडे गेल्या. सर वैतागले. “इतकं हळू मोजायला सांगितलं कोणी?”

“कोणी नाही सर. पण आता मोजलं ना.”

सरांनी जुना आलेख काढून नव्याच्या शेजारी ठेवला. त्याच आठवड्यात त्यांनी निबंध मागे घेतला. मुदतवाढ नाकारल्याचं पत्र महिनाभरात आलं. आपांनी ते घडी करून पर्समध्ये टाकलं आणि उरलेल्या मोजमापांची यादी करायला मला बसवलं.

अकोटला त्यांना ज्युनियर कॉलेजात नोकरी मिळाली. त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी त्या पहिल्या एसटीने अमरावतीला यायच्या, वीज असेल तेवढं मोजायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. एकदा दर्यापूरला गाडी बंद पडली, तर भाजीच्या टेम्पोत बसून आल्या. कामाला लागण्याआधी केसांतली मेथी तेवढी काढली.

नवा निबंध तयार झाला तेव्हा त्यात दोन शिखरं होती आणि घाईने मोजलं की ती एक कशी दिसतात, तेही होतं. नियतकालिकाच्या एका परीक्षकाने शेरा मारला की यात विशेष नवीन काही नाही. मी चिडून तो आपांना वाचून दाखवला.

“चुकलेलं काही हाय म्हणते का तो?”

“नाही.”

“मंग आण इकडं,” म्हणून त्यांनी कागद ओढून घेतले आणि पेन्सिल घेऊन दुरुस्त्या करायला बसल्या.