सभात्यागाची बिजागरी

जगातले सगळे प्रश्न दाराशी येऊन अडतात आणि दार बिजागरीशी, अशी माझ्या बायकोच्या मामांची श्रद्धा आहे. वसईजवळ गोखिवऱ्यात त्यांचा बिजागऱ्यांचा छोटा कारखाना आहे. आमच्याकडे आले की ते आधी दाराला भेटतात, मग आम्हाला. दार उघडतात, मिटतात, बिजागरीला कान लावतात. ‘‘जावईबापू, ही परदेशी. दिवाळीपर्यंत टिकली तर सांगा.’’ तोवर आत जाऊन बसलेल्या मामी ओरडतात, ‘‘अहो, दार लावा, डास येतायत!’’ एकदा मयताच्या घरीही त्यांनी हेच केले. घरच्यांना वाटले, माणूस दारातच गहिवरला.

स्वस्त परदेशी मालामुळे त्यांच्या गल्लीतले कारखाने एकेक करून मिटले आणि गाळ्यांत ऑनलाइन पार्सलांची गोदामे आली. तेव्हा मामांनी धोशा लावला, की बाहेरची असो वा इथली, प्रत्येक बिजागरीवर दर्जाचा शिक्का सक्तीचा करा. ‘‘अहो शेठ, शिक्का आला तर आधी आपणच मरू,’’ शेजारच्या गाळ्याचे डिसिल्वा म्हणत. ‘‘मरू की! पण सगळ्यांना एकच नियम लावून मरू.’’ अशा वाक्यांना बैठकीत टाळ्या मिळतात, ऑर्डरी नाही. डिसिल्वांनी तर बिजागऱ्या ठोकायचा प्रेस झाकून अर्धा गाळा पार्सलवाल्यांना भाड्याने दिला.

पुढे शिक्का खरोखरच सक्तीचा झाला आणि मामांची झोप उडाली. नमुना नापास झाला तर कारखाना बंद, आणि प्रेसवरच्या बायका घरी. प्रयोगशाळेत पाठवण्याआधी स्वतःच परीक्षा घ्यायची, असे त्यांनी ठरवले. वसईत सर्वांत जास्त आपटले जाणारे दार आमच्या सोसायटीच्या ऑफिसचे. तिथे सभात्यागाशिवाय सभा संपत नाही. माजी अध्यक्ष तर त्यासाठीच येतात. मामांनी त्या दाराला आपल्या बिजागऱ्या बसवल्या, पुढच्या सभेला माझे पाहुणे म्हणून बसले आणि निरागसपणे टँकरच्या बिलाचा विषय काढला. माजी अध्यक्ष ताडकन उठून, दार आपटून निघून गेले. मामा धावत दाराशी. ‘‘साहेब, जरा परत येता का? वरची उत्तम आहे, खालची हलल्यासारखी वाटतेय.’’ साहेब परत आले, काय ते समजले आणि पहिल्यापेक्षा जोरात गेले. खालची पिन सैल निघाली. ती पक्की करून मामांनी नमुना पाठवला आणि तो पास झाला.

गेल्या आठवड्यात कारखान्यात गेलो, तर मामा डिसिल्वांना पिन कशी बसवायची ते दाखवत होते, अर्थात शिव्या घालत. शिकून डिसिल्वा आपल्या गाळ्यात गेले. मामा दारात उभे राहिले. ‘‘जेवणाच्या सुट्टीत या गल्लीत चालायला जागा नसायची हो...’’

तेवढ्यात शेजारून प्रेसचा एकच ठोका ऐकू आला. मामा बोलायचे थांबले आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहू लागले.