टिकलीबाई

टिकलीबाई स्वतः टिकली लावत नसत. डिंकाने कपाळाला खाज सुटते, म्हणून. पण लालबागच्या बाजारात गेल्या की पाकिटंच्या पाकिटं घेत, आणि दुकानातली बाई दरवेळी त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे एकदा बघून घेई. भोईवाड्याच्या आमच्या शाळेत त्या गणित शिकवीत. चाचणी झाली की कार्डशीटच्या लांब पट्टीवर शून्य ते वीस आकडे ओळीने लिहायच्या आणि प्रत्येक मुलाच्या गुणावर एक टिकली चिकटवायच्या. दोघांना सारखे गुण असले की एकीच्या वर दुसरी. नावं नसत. पट्टी पुरी झाली की गर्दी कुठे आहे, मध्ये कुठे मोकळं आहे, कोण एकटं पडलंय, हे लांबूनही दिसे. नाव त्यांना मुलांनीच ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मी विज्ञान शिकवायची, त्यांच्याहून बरीच लहान. शिक्षकखोलीत आमच्या खुर्च्या शेजारी. नोकरीला लागले त्याच वर्षी एकदा मी त्यांना विचारलं, दादरहून येताना त्या नेहमी रडतखडत येणारीच बस का धरतात. त्यांनी कपाट उघडून दाराची आतली बाजू दाखवली. तिथे दोन बसना रोज किती मिनिटं लागली त्याच्या दोन पट्ट्या होत्या. एकीच्या टिकल्या दूरदूर पसरलेल्या, कधी झटकन पोचवणारी, कधी परळच्या पुलावर जीव घेणारी. दुसरीच्या सगळ्या जवळजवळ. सरासरी काढली तर दोन्ही सारख्याच. “मला रोज पोचायचंय गं,” त्या म्हणाल्या, “सरासरीनं नाही.”

एका वर्षी नववीची ब तुकडी अडचणीत आली. गणितात तिची सरासरी अ तुकडीपेक्षा खाली होती. संस्थेच्या चिटणीसांना पुढच्या वर्षीच्या दहावीच्या निकालाची काळजी. त्यांनी बैठकीत सुचवलं की ब तुकडीतल्या बऱ्याच मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावावा. म्हणजे मुलांनी परीक्षा बाहेरून द्यायची, आणि ती नापास झाली तरी शाळेचा निकाल स्वच्छ. एकदा असं बाहेर गेलेलं मूल पुस्तकाकडे क्वचितच परततं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

बाई उठल्या आणि दोन पट्ट्या एकीखाली एक अशा फळ्यावर लावल्या. वर अ, खाली ब. आकड्याखाली आकडा नीट जुळवून घेतला आणि चिटणीसांना जवळ येऊन बघायला सांगितलं. दोन्हीकडची गर्दी जवळपास एकाच जागी होती. सगळ्यात उजवीकडची टिकली तर ब तुकडीची. फरक एवढाच की ब च्या पट्टीवर डावीकडे, मोठी मोकळी जागा सोडून, पाच टिकल्या होत्या. सरासरी खाली ओढत होत्या त्या याच.

“तुकडी कच्ची नाहीये, साहेब,” बाई म्हणाल्या. “ही पाच मुलं कुठेतरी अडकलीत.”

कुठे, असं चिटणीसांनी विचारलं. बाई म्हणाल्या की ते पट्टी सांगत नाही, घरी जाऊन विचारावं लागेल. चिटणीस माणूस वाईट नव्हता. पुढच्या चाचणीपर्यंत थांबू, म्हणाले.

आम्ही दोघी शनिवारी घोडपदेवला गेलो, तर पाचांपैकी चौघांचे पत्ते जागेवर नव्हतेच. चाळ पुनर्विकासात पाडलेली. तिथली बिऱ्हाडं वडाळ्याच्या पलीकडे संक्रमण शिबिरात हलवली होती. तिथे पोचलो तेव्हा एका आईने सांगितलं की मुलं पहाटेच उठतात, पण दोन बस बदलून शाळेत पोचेपर्यंत पहिला तास अर्धा उलटलेला असतो. नववी ब चा पहिला तास गणिताचा होता. उशीर झाला म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभं करणाऱ्या बाईच होत्या.

सोमवारी त्यांनी वेळापत्रक बदलून घेतलं. पहिला तास कवायतीचा आला, गणित मधल्या सुट्टीनंतर गेलं. कवायतीचे सर आठवडाभर कुरकुरले. पुढच्या चाचणीची पट्टी लागली तेव्हा चार टिकल्या सरकून गर्दीच्या काठाला आल्या होत्या. चिटणीसांनी कागदावर हिशेब केला आणि म्हणाले, सरासरी एका गुणानेही हलली नाही.

“सरासरी नाही हलली,” बाई म्हणाल्या. “चार मुलं हलली.”

सतरा नंबरचा विषय पुन्हा निघाला नाही. पाचवी टिकली मात्र जिथल्या तिथेच होती. ती मुलगी शाळेमागच्याच गल्लीत राहायची, रोज वेळेवर यायची. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवायला सुरुवात केली, तेव्हा कळलं की तिला चौथीपासूनच भागाकार येत नाही आणि इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिथपासून सुरुवात झाली. दहावीला ती काठावर सुटली. शाळेत पहिल्या आलेल्यांसाठीही कधी न आणलेले पेढे बाईंनी त्या दिवशी आणले.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्या आजारी पडल्या. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण होता, शब्द जपून वापरत होता. या आजारात माणसाला सरासरी किती काळ मिळतो, ते त्याने हळूच सांगितलं. बाईंनी विचारलं, माणसं कुठे कुठे आहेत ते काढून दाखवता येईल का. तो क्षणभर गोंधळला, मग कागद ओढून त्याने महिन्यांची रेघ मारली आणि ठिपके देत गेला. सुरुवातीला दाट, मग विरळ, आणि अगदी उजवीकडे, कागदाच्या कडेला, दोनचार सुटे. हे कोण, म्हणून बाईंनी त्या सुट्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. कुणाला औषध लागू पडतं, तो म्हणाला, का ते आम्हालाही नेहमी सांगता येत नाही.

बाईंनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग मला म्हणाल्या, “दोन्ही करू या. कपाटं आवरायला घेते. आणि कैऱ्या आल्यात, वर्षाचं लोणचंही घालते.”

बाई दाट ठिपक्यांतच निघाल्या, दिवाळीआधीच गेल्या. दिवाळीनंतर त्यांच्या बहिणीने मला घरी बोलावलं. कपाटं रिकामी होती, साड्यांवर कुणाची कुठली त्या चिठ्ठ्या लावलेल्या. ओट्यावर बरणी होती, तोंडाला फडक्याचा दादरा घट्ट बांधलेली, जेमतेम चार बोटं उतरलेली. ती मी शाळेत आणली. पुढच्या कैऱ्या येईपर्यंत शिक्षकखोलीतल्या सगळ्यांच्या डब्यांना ते लोणचं पुरलं.