खेरीजभाऊ आणि श्रीखंडी कोल्हा

"थांब! पाय खाली टेकू नकोस!"

खेरित माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोलला तो असा. नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडाम गावात घरांच्या शेवटच्या रांगेत आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. मागचं दार उघडलं की समोर कुरणच. समुद्रसपाटीच्या खाली, सरळ रेषेतल्या चरांनी आखलेलं, क्षितिजापर्यंत सपाट. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी मी फोनवर फोटो काढत काढत त्या ओल्या गवतात शिरले आणि हा आवाज आला. उजवा पाय हवेत, वारा बोचरा, आणि मी बगळ्यासारखी एका पायावर उभी.

दूरच्या बांधावरून एक उंच, काटकुळा म्हातारा निघाला. हातात लांबलचक काठी. चर आला की ती पाण्याच्या तळाशी रोवायची आणि तिच्यावर भार टाकून पलीकडे झुलायचं, असे दोन चर त्याने ओलांडले. घाई अजिबात नव्हती. मध्ये थांबून त्याने व्यवस्थित नाकही शिंकरलं. माझ्याजवळ येऊन तो उकिडवा बसला आणि माझ्या हवेतल्या बुटाच्या खाली बोट दाखवलं. तिथे चार अंडी होती. मातीच्या रंगाची, काळे ठिपके असलेली, टोकं आत करून मांडलेली. आपल्या टिटवीच्या इथल्या चुलत बहिणीची.

"आता पाय मागे. सावकाश. हां. आणि माझं नाव खेरित."

लिहिताना ते 'ग'ने सुरू होतं, पण हे लोक 'ग' घशाच्या तळातून ओढून काढतात. मी सुरुवातीला गेरिट म्हणायचे, तर तो कानावर हात ठेवायचा आणि "ख! ख! माशाचा काटा अडकलाय असं समज!" म्हणून ओरडायचा. पुढे लायडनला मी काम करते त्या प्रयोगशाळेत माझ्या डचचं कौतुक व्हायला लागलं, त्याचं सगळं श्रेय त्या काल्पनिक काट्याला.

त्या दिवसापासून मी त्याची घरटी मोजणारी मदतनीस झाले. शनिवार-रविवारी कुरणात फिरायचं, घरटं दिसलं की दोन्ही बाजूंना बांबूची काडी खोचायची, म्हणजे शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्याला वळसा घालतो. "आधी बघ, मग ओरड," हे खेरितचं पालुपद होतं. मी "घरटं! घरटं!" करत धावले की ते हमखास वाळलेलं शेण निघायचं.

दूध काढायच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि चाळीस वर्षं त्याच्याकडे शिकारीचा परवाना होता. अंडी आणि पिल्लं कोल्हे खातात, म्हणून तो कोल्हे मारायचा. हे त्याने मला तिसऱ्याच भेटीत, डब्यातलं सँडविच खाता खाता सांगितलं. मी माझं सँडविच परत डब्यात ठेवलं.

"तुला कोल्हे आवडत नाहीत?" मी विचारलं.

"मला? फार आवडतात. माझं कोल्ह्यांशी भांडण नाही. माझं त्यांच्या नाश्त्याशी आहे."

मला ते पटलं नाही, पण त्याचा रागही करता येईना. मारलेल्या प्रत्येक कोल्ह्यापुढे तो डोक्यावरची टोपी काढून दोन मिनिटं उभा राहायचा, आणि त्यानंतर दिवसभर त्याच्याशी बोलायला गेलं तर फक्त "हं" मिळायचं.

पुढच्या वर्षी पाडव्याला माझ्या सासूबाई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या. इथल्या सुपरमार्केटमध्ये क्वार्क नावाचा आयता चक्का मिळतो हे कळल्यावर आईंना या देशाबद्दल एकदम आदर वाटायला लागला. "फडक्यात टांगायला नको, काही नको! कसली माणसं आहेत!" पाडव्याच्या सकाळी त्या ओट्याशी केशर घातलेलं श्रीखंड घोटत होत्या आणि समोर खिडकीतून बघत होत्या. "केतकी, हा बघ ह्याच रंगाचा कुत्रा," त्या म्हणाल्या.

चराच्या काठाने एक फिकट, केशरी झाक असलेलं पिवळसर पांढरं जनावर चाललं होतं. मी खेरितला फोन लावला.

"चालतंय कसं? कुत्र्यासारखं की मांजरासारखं?"

"मांजरासारखं."

फोन बंद. चार मिनिटांत तो आमच्या ओट्याशी. पायात बूट एक काळा, एक हिरवा. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्याच्या तोंडून "ओ, ओ, ओ" एवढंच येत राहिलं. "कोल्हा आहे. मादी. चाळीस वर्षांत असा रंग बघितला नाही." त्याचा आवाज लहान मुलासारखा चिरकत होता. आईंनी त्याच्या हातात वाटी दिली. एक चमचा खाऊन त्याने वाटीकडे बघितलं, कोल्हीकडे बघितलं आणि तो जो हसायला लागला तो खुर्चीत बसेपर्यंत. कोल्हीचं नाव तिथल्या तिथे पडलं. त्याला ते 'स्रिखांट' असंच म्हणता यायचं.

"ह्यांचं नाव काय म्हणालीस?" आईंनी विचारलं.

"खेरित."

"खेरीज? कोणाखेरीज?" झालं. तेव्हापासून तो खेरीजभाऊ.

श्रीखंड देखणी होती, पण त्या आठवड्यात तिने सात घरटी फस्त केली. बांबूच्या काड्या जागच्या जागी आणि मध्ये रिकामे खळगे. खेरित बंदूक घेऊन दोनदा बांधावर जाऊन बसला आणि दोन्हीदा तशीच परत घेऊन आला. "वारा होता," म्हणाला. या देशात वारा नाही असा दिवस कधी असतो, हे मी विचारलं नाही.

बातमी मात्र पसरली. आसपासच्या कुरणांवरचे शिकारी त्या शनिवारी खेरितच्या शेडमध्ये कॉफीला जमले. मी गेले, आणि घरी बसून काय करू म्हणून आईही आल्या. इथल्या रिवाजाप्रमाणे डब्यातून प्रत्येकाला एक बिस्किट मिळालं आणि डबा बंद झाला.

पीट नावाचा धिप्पाड माणूस आधी बोलला. त्या कुरणावर शिकारीचा हक्क खेरितच्या बरोबरीने त्याचाही होता. "अशी कातडी जन्मात एकदा दिसते. मी पेंढा भरून बैठकीत ठेवणार. मी नाही मारली तर दुसरा कोणी मारेल."

सगळ्यांत म्हातारा होता तो घाबरला. "असल्या रंगाच्या जनावरावर गोळी झाडली की वर्ष वाईट जातं. माझ्या आजोबांनी पांढरा ससा मारला आणि त्यांची गाय कालव्यात पडली."

"तुझ्या आजोबांची गाय आंधळी होती, सगळ्यांना माहितेय," लाल चष्म्याची एक बाई म्हणाली. तिचं म्हणणं, इतकं दुर्मीळ जनावर मारणं म्हणजे पाप आहे. लाल कोल्हे हवे तेवढे मारा, हिला हात लावू नका.

दोघे-तिघे तिच्या बाजूने झाले. पीट टेबलावर हात आपटायला लागला. खेरित कपातला चमचा फिरवत होता. आई माझ्या कोपराला टोचत होत्या, "काय म्हणतायत? सांग की!" मी सांगितलं. त्यावर त्या चक्क उभ्याच राहिल्या.

"खेरीजभाऊ, मला बघायला पहिलं स्थळ आलं होतं ना, त्यांनी कांदेपोहे दोनदा मागून खाल्ले, आणि मुलगी सावळी आहे म्हणून नकार कळवला. म्हणजे तिथे रंगावरून नापास, आणि इथे रंगावरून पास! ही गोरी म्हणून हिला सोडता, मग त्या लाल कोल्ह्यांनी काय घोडं मारलं होतं हो?"

कांदेपोह्यांना डच शब्द नसल्यामुळे मी नुसतं 'नाश्ता' म्हटलं, पण बाकीचं शब्दन् शब्द पोचवलं. घोड्याचंही सांगितलं, त्यामुळे म्हातारा थोडा गोंधळला. कोणीतरी बिस्किटांचा डबा उघडला आणि बंद करायला विसरला. त्या दिवशी सगळ्यांना दुसरं बिस्किट मिळालं. नेदरलँड्समध्ये मी हे तेवढं एकदाच पाहिलं.

खेरित लालबुंद झाला होता. "या बाई बरोबर बोलतात," तो म्हणाला. "मी कोल्हीला सोडायचं सकाळपासून ठरवून बसलोय आणि कारण शोधतोय. कारण एवढंच आहे की ती सुंदर आहे. मागच्या वर्षी मी चार लाल मारले, तेव्हा हे कारण मी शोधलं नव्हतं." त्याने चमचा खाली ठेवला. "एक तर मी हिला मारायला हवं, नाहीतर या कुरणात कोणालाच नको. मला कुंपण घालून बघू द्या. विजेचं. सगळ्या कोल्ह्यांसाठी, रंग कुठलाही असो."

"आणि तिने कुंपणाला दाद दिली नाही तर?" पीटने विचारलं.

"तर मी स्वतः मारीन. आणि रडेनही, त्याची तयारी ठेव."

पीटने आठ दिवस दिले. त्यानंतर तो बंदूक घेऊन येणार.

ते कुंपण घालणं म्हणजे धमाल होती. शेतकऱ्याने तारा आणि बॅटरी दिली, खुंट ठोकायला खेरित, तार ओढायला मी, आणि देखरेखीला आई, नऊवारीसारखी वर खोचलेली साडी, त्याखाली माझ्या नवऱ्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. आई मराठीत सूचना द्यायच्या, खेरित डचमध्ये उत्तरं द्यायचा आणि दोघांचं काहीही अडायचं नाही. "भाऊ, तिकडचा खुंट वाकडा!" "हां, वारा आज पश्चिमेचा आहे!" पीट सहज बघायला म्हणून आला आणि "यात वीज आहे तरी का" म्हणत त्याने तारेला बोट लावलं. त्याची टोपी चरात सापडली.

सात दिवस श्रीखंड फिरकलीच नाही. आठव्या दिवशी सूर्य वर येताच पीट बांधावर हजर. आम्ही तिघं थर्मास घेऊन शेजारी. "तू त्याला अडवणार नाहीस?" मी खेरितला हळूच विचारलं. "त्याने शब्द पाळला. मी माझा कसा मोडू?" तो म्हणाला.

आणि ती आली. कोवळ्या उन्हात अक्षरशः चमकत, चराच्या काठाने, मांजरीसारखी. पीटने बंदूक खांद्याला लावली आणि तिच्यावरच्या दुर्बिणीत डोळा घातला. आईंनी डोळे मिटून घेतले. श्रीखंड कुंपणाशी थांबली, मान पुढे केली आणि तारेला नाक लावलं.

ती जी उडाली! चारही पाय हवेत, शेपूट ब्रशासारखी ताठ, हवेतच एक गिरकी, आणि धप्पकन मागच्या चरात. इथल्या चरातला गाळ डांबरासारखा काळा असतो. ती वर आली तेव्हा कानाच्या टोकापासून शेपटीपर्यंत काळी कुळकुळीत होती.

"गेली कुठे?" पीट दुर्बिणीतून ओरडला. "हा कुठला काळा मध्ये आला?"

"तीच आहे," खेरित म्हणाला.

"ही? ही तर... हिला बैठकीत कोण ठेवेल?"

कोल्ही खाली बसली, तीनदा शिंकली, आमच्याकडे अत्यंत तुच्छतेने बघितलं आणि निघून गेली. आईंनी डोळे उघडले आणि फस्सकन हसल्या. मग मी. खेरित तर ओल्या गवतात बसलाच, पोट धरून, डोळ्यांतून पाणी. पीट शेवटपर्यंत गंभीर राहायची धडपड करत होता. मग त्याने गोळी काढून खिशात टाकली आणि तोही असा गडगडाटी हसला की चरातली बदकं उडाली. दुपारी तो आमच्याकडे जेवायला होता. श्रीखंड तीन वाट्या.

ती परत कुरणात आली नाही. त्या वसंतात इतकी पिल्लं निघाली की ट्रॅक्टरला जागा उरली नाही. कुंपण पुढच्या वर्षीही राहिलं, त्याच्याही पुढच्या. खेरित बदलला असं मी म्हणणार नाही. "तार तुटली तर बंदूक आहे," तो बजावायचा. पण तार रोज सकाळी, पावसापाण्यात, तोच तपासायचा.

मग त्याला अंधुक दिसायला लागलं. मोतीबिंदू, तोही बरीच वर्षं मुरलेला, हळूहळू सगळे रंग फिकट करत गेलेला. त्याने परवाना आपणहून परत केला आणि मुलीकडे उत्तरेला ग्रोनिंगन शहरात राहायला गेला. निघताना त्याने मला मिठी मारली, नाशिकला आईंसाठी माझ्या फोनवर निरोप बोलून ठेवला, "खेरीजबाऊ म्हणतो, धन्यवाद," आणि गाडीत बसून बिस्किट खायला लागला. स्वतःला रडू येऊ नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. झोपेतच. त्याच्या महिनाभर आधी त्याचा फोन आला होता. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि तो धापा टाकत होता, जिना चढून आल्यासारखा.

"केतकी! आत्ता बागेत कोल्हा बघितला. साधाच, नेहमीचा. भर दुपारी, सायकलींच्या मधून चालला होता."

"बरं मग?"

"मग काय! लाल आहे ग तो! इतका लाल! चाळीस वर्षं... इतका लाल असतो, मला कोणी सांगितलंच नाही!"

आणि पुढची दोन मिनिटं फोनवर नुसतं त्याचं हसणं ऐकू येत होतं.