मुखवटेवाल्याची दुसरी सीडी

शेजारच्या खाचरात भाताचा दाणा भरू लागलाय. पाखरं लागू नयेत म्हणून काठीला एक जुनी सीडी टांगली आहे. वारा आला की ती गरकन फिरते नि तिचा कवडसा माझ्या ओट्यावर पळतो. कधी भिंतीवर, कधी हातावर. कुठल्या सिनेमाची असेल कोण जाणे. पण ती चमकली की मला एकच सीडी आठवते आणि इतक्या वर्षांनीही मान खाली जाते.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या डोंगराकडच्या गावात पूजा असली की आळेफाट्याहून टीव्ही भाड्यानं आणायचे. एका पूजेला मुखवटा बांधून उडणाऱ्या हिरोचा सिनेमा लागला. तो कुठला, कुणाचा, तोंड का झाकतो, हे त्यात कुठंच नव्हतं. बाकीच्यांनी मारामारी पाहिली. मला त्याच्या झाकल्या तोंडाचं कोडं पडलं.

उन्हाळ्यात पडकई असायची. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचराचा बांध घालायचा, उद्या दुसऱ्याच्या. दगडांच्या पाट्या वाहताना माझ्या पुढं नेहमी एकच बाई असायची. माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली, माझी एकुलती मैत्रीण. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, तिच्या पाठीमागं चालताना मात्र फुटायचा. मी तिला त्या हिरोचं बालपण रचून सांगायचे. आईनं त्याला मामाकडं ठेवलं, दिवाळीला न्यायला येते म्हणाली. तो नवा सदरा घालून एसटी स्टँडवर बसला. गाड्या आल्या, गेल्या. मग रोज लोक विचारू लागले, 'आई आली का रं?' म्हणून त्यानं तोंडच झाकलं.

एक दिवस ती पाटी खाली ठेवून वळली. "बये, ह्यो हिरो न्हाई. तूच हायस."

मी मान डोलावली. चौथीनंतर मी पिंपळवंडीला मामाची गुरं राखली होती. सासरी मात्र सांगितलेलं, पोरगी आईजवळच वाढली. "माझ्या सासूच्या कानावर जाऊ देऊ नको," मी म्हटलं. "तुझी आण," म्हणत तिनं माझ्या हातांची माती आपल्या पदरानं पुसली.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्याच घरच्या पूजेला दुसरी सीडी आली. त्याच सिनेमाच्या जोडीची, हिरोची आधीची सगळी हकिकत सांगणारी. मी पुढं सरकून बसले. पडद्यावर बंगला, मोटारी, आईच्या मांडीवर लोळणारा मुलगा. मुखवटा बापानं हौसेनं करून दिलेला.

बायकांतून ती मोठ्यानं हसली. "ह्ये तर लई श्रीमंताघरचं निघालं! आमच्या बाईचा हिरो पिंपळवंडीला मामाची गुरं वळायचा, स्टँडवर आयची वाट बघत बसायचा!"

"म्हंजे गं? कोण?" एकीनं विचारलं.

"कोण म्हंजे? हीच की!"

हशा पिकला. सासू हसली नाही. तिनं वळून एवढंच विचारलं, "आयनं टाकल्याली व्हय तू?" ते वाक्य मग ती जिवंत असेपर्यंत आमच्या घरात राहिलं. भाकरी करपली तरी निघायचं. सिनेमानं मला खोटं पाडलं याचं काही वाटलं नाही. सिनेमानं कुठं माझी आण घेतली होती?

दुसऱ्या दिवशी पडकई नेमकी त्या मैत्रिणीच्याच खाचरात. भांडण असलं तरी पडकई मोडायची नसते. मी गेले.

"गंमत केली गं. लई मनाला लावून घेतीस तू."

मी पाटी उचलली. दिवसभर तिच्या पाठीमागं दगड वाहिले. दुपारी तिनं मागं वळून हळूच विचारलं, "आज गोष्ट न्हाई व्हय?"

गोष्टीचा शेवट सांगायचा राहिलाच होता. तो उडायला शिकतो, ते कुणाला वाचवायला नाही. आई दिवाळीला का आली नाही, तिच्या घरावरून जाताना एकदा बघावं, एवढ्यासाठी. हा शेवट मी तिला सांगितला नाही, नंतर कुणालाच नाही.

आमच्या हातांनी घातलेला तो बांध अजून ढासळलेला नाही. समोरची सीडी त्याच खाचरात फिरते आहे. पहिले चार दिवस पाखरं बिचकली. आज सकाळी पाहिलं, तर एक चिमणी त्याच काठीवर निवांत बसलेली. माझ्या मात्र तोंडावर कवडसा आला की हात अजून आपोआप पदराकडं जातो.